परसबागेंतील बुरशी व तिच्या उपायांचा इतिहास

लढाया, तह आणि गादीवर आलेल्या-गेलेल्या राजांच्या पिढ्या यांनीं आमच्या इतिहासाचीं पानें भरून गेलेलीं आहेत. परंतु झाडाच्या पानाचा इतिहास लिहावा असें फारसें कोणाच्या मनांत येत नाहीं. वस्तुतः बटाट्याच्या पानावर पडलेल्या काळ्या डागांनीं एकट्या आयर्लंडांत जेवढीं घरें ओस पाडलीं, तेवढीं पुष्कळ नामांकित रणसंग्रामांनींहि पाडलेलीं नाहींत. ही झाली शेताची गोष्ट. पण परसांतल्या चार वेलांनाहि तोच न्याय लागू आहे. दोडक्याचें पान पिवळें कां पडलें, आणि तें पडूं नये म्हणून काय करावें, या दोन साध्या प्रश्नांचीं उत्तरें शोधण्यांत मनुष्याचीं शतकेंच्या शतकें खर्ची पडलीं आहेत. तीं उत्तरें कोणास व कशीं सांपडलीं आणि त्यांपैकीं किती आज आपल्या कामाचीं आहेत, याचा थोडक्यांत विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

असा विचार करण्यास अंबरनाथासारखें ठिकाण क्वचितच सांपडेल. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा, शिलालेख असलेलें शिवालय येथें वालधुनीच्या कांठीं उभें आहे. गेल्या शतकाच्या पूर्वार्धांत येथें आगपेट्यांचा कारखाना निघाला. आणि १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर पुढें ज्या औद्योगिक वसाहती वसल्या, त्यांत अंबरनाथची एमआयडीसी रसायनांच्या कारखान्यांमुळें विशेष प्रसिद्धीस आली. परंतु या कारखान्यांतून पाळी संपवून घरीं परतणारा माणूस पुष्कळदां मनानें शेतकरीच असतो. देशावरून व कोंकणांतून आलेल्या कुटुंबांनीं गांवाकडील परसूं आपल्याबरोबर आणलें. चाळीच्या मागें हातभर जमीन असली तर तेथें, नसली तर गॅलरींतील कुंड्यांत आणि गच्चीवरील पिंपांत, मृग लागतांच दोडका, कारलें, काकडी, भेंडी, टोमॅटो यांचें बीं टोंचलें जातें. अंबरनाथ, बदलापूर व उल्हासनगर या पट्ट्यांत चार महिने पावसाला तोटा नसतो. त्यामुळें वेल जोमानें चढतो, आणि त्याच पावसामुळें त्याच्यावर अनर्थहि ओढवतो.

हा अनर्थ एकाच प्रकारचा नसतो, हें आरंभींच सांगितलें पाहिजे. आषाढ-श्रावणांत झड लागली कीं काकडीच्या पानावर शिरांच्या मधोमध पिवळे, कोनाकृति ठिपके उमटतात आणि पानाच्या पाठीवर करडी-जांभळी लव दिसूं लागते, हा केवडा. टोमॅटोच्या खालच्या पानांवर एकांत एक वर्तुळें असलेले तपकिरी डाग पडून पान वाळत जातें; हा करपा. पाऊस ओसरून रात्री गार होऊं लागल्या म्हणजे भेंडी, भोपळा, वाटाणा यांच्या पानांवर कोणीं पीठ शिंपडावें तसा पांढरा थर चढतो, ही भुरी. आणि नुकतेंच उगवलेलें रोप जमिनीलगत देंठ नरम पडून एका रात्रींत आडवें होतें, त्याला रोप कोलमडणें म्हणतात. या सर्वांस व्यवहारांत आपण बुरशी म्हणतों. शास्त्रज्ञ आतां केवड्याच्या जंतूस खऱ्या बुरशींत न घालतां शेवाळांच्या जवळच्या कुळांत घालतात. हा भेद केवळ पंडिती नव्हे. भुरीवर चालणारें औषध केवड्यावर कां चालत नाहीं, याचें एक कारण त्यांत आहे.

प्राचीनांना हे रोग माहीत होते. त्यांचें कारण मात्र माहीत नव्हतें. रोमन लोक गव्हावरील तांबेरा टळावा म्हणून दर वर्षीं २५ एप्रिल रोजीं रोबिगस नांवाच्या देवतेस कुत्र्याचा बळी देत असत. आमच्याकडे वराहमिहिरानें सहाव्या शतकांत बृहत्संहितेंतील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायांत थंडी, वारा व ऊन यांपासून झाडांस रोग होतात असें म्हटलें आहे. आणि सुरपालाच्या वृक्षायुर्वेदांत तर मनुष्याप्रमाणेंच वृक्षांनाहि वात, पित्त, कफ लावलेले आहेत. सुरपालाच्या ग्रंथाचें हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत होतें. वनस्पतिरोगशास्त्रज्ञ यशवंत लक्ष्मण नेने यांनीं त्याची प्रत मिळविली आणि नलिनी साधले यांनीं केलेलें त्याचें इंग्रजी भाषांतर १९९६ सालीं प्रसिद्ध झालें. बुरशीनाशकांवर आधुनिक पद्धतीचा ग्रंथ लिहिणाऱ्या शास्त्रज्ञानें जुन्या पोथीचा असा शोध घ्यावा, ही गोष्ट कौतुकास्पद होय.

तथापि या पोथ्यांत आजचें सगळें शास्त्र भरलेलें आहे, असें म्हणणें म्हणजे पूर्वजांची स्तुति करण्याच्या भरांत त्यांची थट्टा करण्यासारखें आहे. वराहमिहिरास बुरशी ठाऊक नव्हती. पण त्यास डोळे होते. रोगट भाग प्रथम शस्त्रानें काढून टाकावा, असें तो सांगतो. दोन झाडांत वीस हातांचें अंतर उत्तम, सोळांचें मध्यम आणि बारांचें कनिष्ठ. एकमेकांस चिकटून वाढलेलीं व मुळें गुंतलेलीं झाडें पीडा पावून नीट फळत नाहींत, असेंहि तो लिहितो. कारण चुकलें असतांहि निरीक्षण बरोबर असूं शकतें, याचें याहून चांगलें उदाहरण शोधावयास नको. दाटींत वारा खेळत नाहीं, वारा नसला कीं पान वाळत नाहीं, आणि ओल्या पानावर बुरशी रुजते, ही मधली सांखळी जुळविण्यास पुढें तेराशें वर्षें लागलीं.

त्या सांखळीची पहिली कडी फ्रान्समध्यें सांपडली, आणि ती सांपडण्यास एक तांब्याचें भांडें कारण झालें. बेनेदिक्त प्रेव्हो हा गव्हाच्या काणीचा अभ्यास करीत असतां त्यास असें आढळून आलें कीं, तांब्याच्या भांड्यांतून काढलेल्या पाण्यांत काणीचे बीजकण रुजतच नाहींत. काणी हा एका सूक्ष्म वनस्पतीचा उपद्रव आहे आणि तांब्याच्या अत्यल्प अंशानें ती मरते, असा निष्कर्ष त्यानें १८०७ सालीं प्रसिद्ध केला. तो कोणीं फारसा मनावर घेतला नाहीं. बुरशी हें रोगाचें कारण नसून सडलेल्या झाडावर ती मागाहून येते, हेंच विद्वानांचें मत कायम राहिलें.

या मताची किंमत आयर्लंडनें मोजली. १८४५ च्या पावसाळी उन्हाळ्यांत बटाट्याचीं पानें काळीं पडलीं आणि जमिनींतले बटाटे कुजले. पुढील वर्षीं तोच प्रकार अधिक तीव्रपणें घडला. सुमारें दहा लक्ष माणसें अन्नावांचून व साथींनीं मेलीं आणि त्यांहून अधिक देश सोडून गेलीं. मायल्स बर्कली नांवाच्या एका धर्मोपदेशकानें १८४६ सालीं, हा रोग बुरशीमुळेंच होतो असें प्रतिपादिलें. पण जॉन लिंडली यांच्यासारखे मान्यवर वनस्पतिशास्त्रज्ञ अतिवृष्टीसच दोष देत राहिले. अखेर १८६१ सालीं जर्मन शास्त्रज्ञ आंटोन द बारी यांनीं निरोगी पानावर बीजकण टाकून रोग उत्पन्न करून दाखविला आणि वाद मिटला. अर्थात् पावसाचा संबंध नव्हता असें नाहीं. पाऊस हा वाटाड्या होता, चोर दुसराच होता. वाटाड्यालाच चोर समजल्यामुळें पंधरा वर्षें चोर मोकळा राहिला.

कारणाचा शोध असा पंडितांकडून लागला. उपायाचा शोध मात्र बहुतेक माळ्यांनीं लावला, आणि हीच या इतिहासांतील सर्वांत लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट आहे. पीचच्या झाडावरील भुरीस गंधक लागू पडतें, हें जॉन रॉबर्टसन नांवाच्या एका आयरिश रोपवाटिकाकारानें १८२१ सालीं सांगितलें. १८४५ सालीं इंग्लंडांत मार्गेट येथील टकर नांवाच्या माळ्याच्या दृष्टीस द्राक्षवेलींवरची भुरी प्रथम पडली. गंधक व चुना यांचा उपयोग त्यानेंच करून पाहिला, आणि बर्कलीनें १८४७ सालीं त्या बुरशीस त्याच माळ्याचें नांव दिलें. १८५२ च्या सुमारास व्हर्सायच्या राजवाड्यांतील ग्रिझों नांवाच्या मुख्य माळ्यानें गंधक व चुना एकत्र उकळून त्याचें पाणी तयार केलें. तें पुढें पिढ्यान् पिढ्या वापरलें गेलें.

मोरचुदाची कथा याहून मौजेची आहे. बोर्दो प्रांतांत रस्त्याच्या कडेची द्राक्षें वाटसरू तोडून खात. त्यांना किळस यावी म्हणून मळेवाले कडेच्या वेलींवर मोरचूद व चुना यांचें निळें पाणी शिंपडीत. १८८२ सालीं प्राध्यापक मियार्दे हे सेंट ज्युलियन गांवाजवळून जात असतां त्यांना असें दिसलें कीं, केवड्यानें सगळ्या मळ्याचीं पानें गळालेलीं आहेत, पण रस्त्यालगतच्या निळ्या वेलींचीं पानें शाबूत आहेत. तीन वर्षें प्रयोग करून १८८५ सालीं त्यांनीं हें मिश्रण जाहीर केलें. तेंच आजचें बोर्डो मिश्रण. प्रेव्होनें अठ्ठ्याहत्तर वर्षांपूर्वीं जें सांगितलें होतें, तें चोरांच्या भीतीमुळें असें जगापुढें आलें.

हिंदुस्थानाकडे वळण्यापूर्वीं या दोन उपायांचें मर्म नीट समजून घेतलें पाहिजे, कारण पुढील सर्व इतिहास त्यावर अवलंबून आहे. केवड्याचा अथवा करप्याचा बीजकण पानावर पडतो. पान कांहीं तास ओलें राहिलें तर तो रुजतो आणि त्याचा तंतु पानाच्या आंत शिरतो. तो आंत शिरण्यापूर्वीं पानावर मोरचुदाचा पातळ लेप असेल तर बीजकण मरतो. एकदां आंत शिरल्यावर वरून कितीहि लेप दिला तरी त्याच्या केंसासहि धक्का लागत नाहीं. म्हणजे मोरचूद हें औषध नव्हे, चिलखत आहे. आणि जखम झाल्यावर चिलखत चढविण्यांत अर्थ नसतो. भुरीची तऱ्हा मात्र निराळी. ती पानाच्या पृष्ठभागावरच पसरते, फक्त बारीक शोषकें आंत रोवते, आणि तिला पाण्याच्या थेंबांची गरज नसते. यामुळें ती दिसूं लागल्यावरहि गंधकानें आटोक्यांत येऊं शकते. रोग ओळखल्यावांचून उपाय करणें व्यर्थ कां, हें यावरून ध्यानांत येईल.

आमच्या देशांत या शास्त्राचा प्रवेश मळेवाल्यांच्या संकटांतून झाला. १८६९ सालीं सिलोनांत कॉफीवर तांबेरा दिसला आणि कांहीं वर्षांत तेथील कॉफीचा धंदा बसला; तेथें मग चहा आला. १९०५ सालीं बिहारांत पुसा येथें शेतकी संशोधनसंस्था निघाली आणि तेथील ई. जे. बटलर यांनीं हिंदी पिकांच्या बुरशींचा पाया घातला. त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९१८ सालचा आहे. म्हैसूर संस्थानांत लेस्ली कोलमन यांनीं सुपारीच्या कोळेरोगावर बोर्डो मिश्रणाची फवारणी रूढ केली. परंतु त्यांच्या आधींपासून मलनाडांतील बागाईतदार पावसाळ्यापूर्वीं सुपारीच्या घडांना झाडाच्याच पोयीच्या टोप्या घालीत असत. घड कोरडा राहिला कीं रोग येत नाहीं, एवढें त्यांनीं स्वतःच्या अनुभवानें ताडलें होतें.

महाराष्ट्रानेंहि या कामीं आपला वाटा उचलला आहे. पुण्याच्या शेतकी खात्यांतील जी. एस्. कुलकर्णी यांनीं ज्वारीच्या काणीचा बारकाईनें अभ्यास केला. दाण्यावरील काणीचे कण बियाण्याला बाहेरून चिकटून येतात. सबब पेरण्यापूर्वीं बीं मोरचुदाच्या पाण्यांत बुडवावें, किंवा पुढें ठरलें त्याप्रमाणें त्यास गंधकाची बारीक पूड चोळावी, एवढ्यानें कणीस वांचतें. सबंध पिकावर न फवारतां मूठभर बियाण्यावरच काम भागविणारा याहून स्वस्त उपाय क्वचितच असेल. जहांगीर फर्दुनजी दस्तुर यांनीं १९१३ सालीं पुसा येथें एरंडीवरील एका नव्या जातीच्या जंतूचें वर्णन केलें आणि पुढें नागपुरास मध्यप्रांताच्या शेतकी खात्यांत काम केलें. तोच जंतु टोमॅटो व वांगें यांचीं जमिनीलगतचीं फळें कुजवितो. १९६० नंतरच्या दशकांत पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कारखान्यांत एम्. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मातींतील सूक्ष्म जीवापासून ऑरिओफंजिन हें वनस्पतींच्या बुरशीवरील औषध शोधून काढलें. माणसाच्या औषधांसाठीं निघालेल्या कारखान्यानें झाडांचाहि दवाखाना उघडावा, हें त्या संस्थेस भूषणावह होतें.

यानंतरचा काळ कारखान्यांचा. गंधक व तांबें यांच्या जोडीस कृत्रिम रसायनें आलीं. १९३४ सालीं डायथायोकार्बामेट वर्गाचें पेटंट अमेरिकेंत निघालें आणि १९६२ च्या सुमारास त्याच वर्गांतील मॅन्कोझेब बाजारांत आलें. तेंहि चिलखतच, पण हलकें व वापरण्यास सोपें. भारतांत तें अद्याप सर्वत्र विकलें जातें. युरोपीय संघानें मात्र आरोग्याच्या कारणास्तव २०२० सालीं त्याच्या परवान्याचें नूतनीकरण नाकारलें. १९६८ सालीं बेनोमिल आलें. तें झाडाच्या अंगांत शिरून आंतली बुरशी मारीत असे. म्हणजे शेंकडों वर्षें हवें असलेलें खरें औषध मिळालें, असें सर्वांस वाटलें. दुसऱ्याच वर्षीं अमेरिकेंत काकडीवर्गाच्या वेलांवर त्यास न जुमानणारी भुरी आढळली. १९७७ सालीं केवडा व करपा यांसाठीं मेटॅलॅक्सिल निघालें. १९८० सालीं आयर्लंडच्याच बटाट्यांत त्यास दाद न देणारा करपा दिसून आला. जें औषध बुरशीच्या एकाच मर्मावर घाव घालतें, त्यास चुकविण्यास तिला एकच युक्ति पुरते. तांबें व गंधक अनेक मर्मांवर एकदम आघात करतात, म्हणून शंभर-दीडशें वर्षें होऊनहि त्यांची धार फारशी बोथट झालेली नाहीं.

आतां या इतिहासावरून परसबाग करणारानें काय घ्यावें? एमआयडीसीच्या परिसरांत रसायन ही परकी वस्तु नाहीं. कोणाचा शेजारी, कोणाचा भाऊ कारखान्यांत असतो. लेबल नसलेल्या बाटलींतून कसलें तरी औषध घरांत येतें आणि पानावर डाग दिसतांच तें अंदाजानें फवारलें जातें. या उपायांत तीन दोष आहेत. डाग दिसला तेव्हां बहुधा वेळ टळून गेलेली असते. औषध केवड्याचें आणि रोग भुरीचा, असें सर्रास घडतें. आणि तिसरा दोष सर्वांत गंभीर आहे. शेतावर फवारणी व तोडणी यांच्यामध्यें ठराविक दिवस जाऊं द्यावे लागतात. तो काळ औषधाच्या वेष्टणावर छापलेला असतो. परसांतली भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते. ज्या भाजीचा सगळा गोडवा ती आजची आज ताटांत पडते यांत आहे, तिच्यावर आठवडाभर हात न लावण्याचें औषध मारणें म्हणजे ती लावण्याचा हेतूच बुडविणें होय. त्याचप्रमाणें रसायनांचीं रिकामीं पिंपें कुंड्या म्हणून वापरणें आणि सांडपाण्याच्या नाल्याकांठची माती आणून त्यांत भरणें हेंहि टाळलें पाहिजे. बुरशी निदान डोळ्यांस दिसते, हें विष दिसत नाहीं.

उलट इतिहासानें खरे ठरविलेले उपाय साधे आहेत. वराहमिहिराचें अंतर प्रथम: दोन वेलांत वारा खेळेल एवढी जागा सोडावी आणि वेल मांडवावर चढवावा. पाणी सकाळीं व बुडाशीं घालावें, पानांवर नव्हे. खालचीं जुनीं व डागाळलेलीं पानें कात्रीनें काढून दूर टाकावीं. एकाच कुंडींत वर्षानुवर्षें टोमॅटोच लावूं नये. बियाण्यास ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी चोळून तें निचऱ्याच्या मातींत टोंचलें तर रोपें सहसा कोलमडत नाहींत. इतकें करूनहि झडीचे दिवस समोर दिसत असतील तर बोर्डो मिश्रण घरीं करतां येतें. दहा ग्रॅम मोरचूद व दहा ग्रॅम चुना निरनिराळ्या पाण्यांत विरघळवून, मिळून एक लिटर होईल असें मातीच्या वा प्लास्टिकच्या भांड्यांत एकत्र करावें. कोंवळ्या भाजीस त्याच्या निम्म्या तीव्रतेचें पुरें. स्वच्छ सुरीचें पातें त्यांत बुडवून त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असें समजून थोडा वाढवावा. मिश्रण त्याच दिवशीं वापरावें, फवारलेली भाजी कांहीं दिवस तोडूं नये व पुढें नीट धुऊन घ्यावी, आणि वरचेवर फवारूं नये, कारण तांबें मातींत सांचत जातें. भुरीस पाण्यांत मिसळणारें गंधक लिटरास दोन-तीन ग्रॅम पुरतें. परंतु कडक उन्हांत तें मारल्यास, विशेषतः काकडी-भोपळ्याचीं, पानें करपतात.

घरोघरीं ताक वा दूध शिंपडण्याची चाल आहे, तिच्याविषयींहि दोन शब्द लिहिले पाहिजेत. ब्राझीलमधील वागनेर बेत्तिओल यांनीं १९९९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, दुधाचें पातळ पाणी वेळोवेळीं फवारल्यानें भोपळावर्गीय वेलावरील भुरी पुष्कळ कमी झाल्याचें आढळलें. यावरून आमच्या आजीबाईंना सूक्ष्मजंतुशास्त्र अवगत होतें असें ठरत नाहीं, आणि केवड्यावरहि दूध चालेल असेंहि ठरत नाहीं. एवढेंच ठरतें कीं, घरगुती उपायांची टर उडविण्यापूर्वीं ते पारखून पाहावे.

टकर, ग्रिझों आणि मलनाडांतले ते अनामिक बागाईतदार यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती. रोज सकाळीं पान उलटून पाहण्याची संवय होती. ती आपल्यासहि लावून घेतां येईल. पहिला डाग कोणत्या वेलावर, कोणत्या तारखेस, किती दिवसांच्या पावसानंतर दिसला, हें एका वहींत टिपून ठेवावें. दोन-तीन वर्षांत अंबरनाथच्या एका परसाची अशी बखर तयार होईल कीं, पुढील श्रावणांत काय करावें आणि कोणत्या दिवसापूर्वीं करावें, हें त्या घरापुरतें तरी दुकानदारास विचारावें लागणार नाहीं.